गंगाबाई, वय एकोणीस

आमच्या सात पिढ्यांत परदेशी जाऊन आलेला मी पहिला माणूस. आपण परदेशात आहोत हे मला तिथं पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, एवढंच.

आणि मी भूगोल शिकवत होतो! (निजाम सरकारच्या अमलात त्याला जुगराफिया म्हणत. नाव बदललं म्हणून माझी समज वाढली, असं मात्र झालं नाही.) मानवतच्या सरकारी शाळेत मी भिंतीवर नकाशा टांगायचो, हातात छडी घ्यायचो आणि पोरांना लंडनपासून रंगूनपर्यंत फिरवून आणायचो. स्वतः मी पूर्वेला परभणी आणि पश्चिमेला सेलू, एवढंच जग पाहिलं होतं. पण छडी हातात असली की माणसाला सगळं जग आपल्या शेतातलं वाटायला लागतं.

झरीला आमची रखमाआत्या राहायची. वय सत्तरीचं, आवाज पंचविशीतला. नवरा गेल्यावर तिनं काशी केली आणि तिथून गंगा आणली. गंगा म्हणजे तांब्याचा एक वीतभर उंचीचा गडू, तोंडाला कथलाचा डाग लावून पक्का बंद केलेला. काशीचं हे पाणी रामेश्वराच्या पिंडीवर नेऊन घातलं म्हणजे यात्रा पुरी होते. मात्र डाग शाबूत पाहिजे. तो फुटला, तर तिथले पुजारी पाण्याला हात लावत नाहीत. आत्या काशीहून आली आणि तिचे गुडघे गेले. रामेश्वर राहून गेलं. एकोणीस वर्षं तो गडू तिच्या देवघरात बसून होता, आणि एकोणीस वर्षं आत्या त्याच्यासमोर बसून होती.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं मला आणि आमच्या मंडळींना बोलावून घेतलं.

"माणिका, माझा जीव त्या गडूत अडकलाय," ती म्हणाली. "मला मरायची घाई न्हाई. पर वर जाताना मागं वळून बघायची पाळी नको. तुमी दोघं जावा आन् येवढी गंगा पोचती करा."

"आत्या, तू काळजीच करू नको," मी म्हणालो. "रामेश्वर म्हणजे हिंदुस्थानच्या दक्षिण टोकाला, अक्षांश..."

"अक्षांश राहू दे. डाग फुटू देऊ नको."

आमच्या गोतावळ्यात रामेश्वर करून आलेला एकच माणूस होता: राणीसावरगावचे माझे मामा. ते तीस-पस्तीस वर्षांपूर्वी जाऊन आले होते आणि तेव्हापासून दुसऱ्या कोणत्याही विषयावर बोलले नव्हते. त्यांनी मला समोर बसवून वाट सांगितली.

"ध्येनात ठिव भाच्या. रेल्वे समुद्रापतुर जाती. तिथं उतरायचं. मंग बोट लागती. बोटीत बसायचं. बोटीतनं पाय खाली ठिवला का रामेश्वर! आंधळं माणूस बी चुकत न्हाई."

आंधळं चुकलं नसतं हे खरं. मधल्या काळात इंग्रज सरकारनं त्या समुद्रावर रेल्वेचा पूल बांधला होता आणि रामेश्वराला जायला बोट लागणं केव्हाच संपलं होतं, ही बातमी राणीसावरगावला पोचली नव्हती. (मानवतला पोचली होती. माझ्या शाळेच्या पुस्तकात त्या पुलाचं चित्रच होतं. पण ते पान मी कधी शिकवलं नाही. परीक्षेत येत नसे.)

निघालो. गाड्या बदलत बदलत मद्रास गाठलं आणि तिथून समुद्राकडे जाणारी गाडी धरली. रात्रभर उभ्यानं प्रवास झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी जागा मिळाली आणि आम्ही दोघंही जे झोपलो, ते गाडी थांबल्यावरच उठलो. मधे कुठंतरी तो पूल आला, गेला. खाली समुद्र होता, तोही गेला. रामेश्वराला जाणाऱ्यांनी जिथं गाडी बदलायची, ते स्टेशनही आलं आणि गेलं. आम्ही घोरत घोरत रामेश्वर ओलांडून पुढं आलो होतो.

डोळे उघडले तो समोर अथांग पाणी, धक्का, आणि धक्क्याला लागलेली धूर सोडणारी बोट!

"बघ!" मी म्हणालो. "मामा काय म्हणाले होते?"

आमच्या मंडळींनी गडू पदराखाली घेतला आणि सभोवार नजर टाकली. ही बाई पाटी वाचत नाही, पण माणसं वाचते.

"अवो," ती म्हणाली, "येवढी माणसं देवाला जायलीत, मंग कुनाच्याच हातात फूल कसं न्हाई? नारळ न्हाई, उदबत्ती न्हाई. ह्यो टोपीवाला साहेब बी रामेश्वरलाच जायलाय का?"

"अगं, फुलं पलीकडे मिळतात. आणि साहेबलोकांना देवळाची शिल्पं बघायची हौस असते."

"आन् त्येंच्या संगं ती चार कुत्री?"

"शिल्पं बघायला," मी म्हणालो, आणि तिकिटाच्या खिडकीशी गेलो.

खिडकीतल्या बाबूनं मला काहीतरी विचारलं. त्यात 'मन्नार' असा एक शब्द होता. धक्क्याचं नाव असणार, असं समजून मी जोरात मान हलवली. भूगोलाच्या मास्तरानं एखाद्या गावाचं नाव ऐकून 'हे कुठं आलं?' असं विचारायचं म्हणजे इज्जतीचा प्रश्न!

बोट सुटली. अर्ध्या तासात किनारा दिसेल, असं मी हिला सांगितलं. तासाभरानं पुन्हा सांगितलं. मग मी सांगायचं बंद केलं, कारण माझं तोंड दुसऱ्या कामात गुंतलं होतं. बोटीच्या कठड्यावर ओणवा होऊन मी सकाळपासूनचं सगळं समुद्राला अर्पण केलं. ही एका हातानं गडू आणि दुसऱ्या हातानं माझं धोतर धरून उभी होती.

"तुमचे मामा म्हनले व्हते, बोटीत तंबाकू मळून हुस्तवर रामेश्वर येतंय," ती म्हणाली.

"भरती असेल," मी कठड्यावरूनच म्हणालो. (भरतीमुळे बेटं लांब जात नाहीत, हे मला माहीत होतं. पण तो वाद घालण्याचा प्रसंग नव्हता.)

संध्याकाळी उतरलो. मी खाली वाकून मातीला हात लावला, तो कपाळी लावला आणि समोर आलेल्या पट्टेवाल्याला भक्तिभावानं विचारलं, "देऊळ किधर?"

त्यानं हात पुढं केला. मी त्यावर प्रसादाचे चार फुटाणे ठेवले. त्याला चिठ्ठी हवी होती.

चिठ्ठी आमच्याकडं नव्हती. बोटीनं येणाऱ्या प्रत्येकाची पलीकडच्या डॉक्टरानं तपासणी करायची आणि तब्येतीची चिठ्ठी द्यायची, असा नियम होता. आम्ही तर रामेश्वराचं तिकीट असलेले यात्रेकरू म्हणून गाडीतच त्या तपासणीतून सुटलो होतो. मला यातलं काहीच कळलं नाही. एका शेडमध्ये बसवून ठेवलं, सकाळी एका शिपायाबरोबर छोट्या गाडीत घालून दहा कोसांवरच्या मन्नार गावी नेलं, आणि तिथल्या दवाखान्यापुढं उभं केलं. एवढं होऊनही 'देवस्थानाचा बंदोबस्त कडक आहे' असंच मी हिला समजावत होतो!

दवाखान्यात दुभाषा म्हणून एका कापडवाल्याला बोलावलं होतं. त्याला सगळे हाजीसाहेब म्हणत. मूळचा कच्छकडचा, हिंदुस्तानी बोलायचा. त्यानं आमची सगळी हकिकत ऐकून घेतली, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मास्टरसाब, रामेश्वर तो पीछे रह गया. ये सिलोन है."

मी खुर्चीचा हात धरला.

"म्हंजी वो कुठं आलोत आपुन?" हिनं विचारलं.

"जरा... पुढं."

"किती पुढं?"

"लंकेत," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हाजीसाहेबांकडे पाहिलं. मग पदर सावरून म्हणाली, "बाई बाई बाई! सीतामाईला रावनानं पळवून आनलं, तिला सांगाया तरी तोंड व्हतं. मला माझ्याच नवऱ्यानं आनलं, आन् त्ये बी टिकट काढून!"

तिनं दवाखान्याच्या खिडकीतून बाहेर डोकावलं. पत्र्याची दुकानं, वाळत घातलेली मासळी, वाळूत लोळणारी दोन गाढवं.

"सोन्याची हाय म्हनत व्हते," ती म्हणाली.

"मारुतीनं जाळली ना."

"म्हनून काय झालं? सोनं जळत असतंय व्हय?"

या मुद्द्याला जुगराफियात उत्तर नाही.

इथला डॉक्टर चष्मेवाला, काटकुळा, पांढऱ्या कोटातला तमिळ गृहस्थ. त्यानं नियम सांगितला: चिठ्ठीशिवाय आलेल्यांनी सात दिवस गावात राहायचं, रोज सकाळी दवाखान्यात हजर होऊन जीभ दाखवायची. सात दिवसांत पटकी, देवी, काही निघालं नाही, तर चिठ्ठी मिळेल. परत जायलाही तीच चिठ्ठी लागणार. मग त्यानं नोंदीचं पुस्तक उघडलं. आम्ही खरंच नवरा-बायको आहोत ना, याची खात्री म्हणून त्यानं एकमेकांची नावं विचारायचं ठरवलं. मी 'केसरबाई' म्हणून मोकळा झालो. हिला विचारलं, तर हिनं मान खाली घातली.

"नाम बोलो बहन," हाजीसाहेब म्हणाले.

"आमच्यात न्हाई घेत."

डॉक्टरच्या भुवया चढल्या. नवऱ्याचं नाव माहीत नाही, म्हणजे प्रकरण गंभीर! शिपाई दाराशी येऊन उभा राहिला. मी हिला डोळ्यांनी विनवलं. शेवटी हिनं डोक्यावरचा पदर नीट केला, घसा खाकरला आणि दवाखान्यात ठणकावून म्हणाली:

"तव्यावरच्या भाकरीला सुटला पापुद्रा,
माणिकरावांनी दावला, न विचारता समुद्रा!"

बाकावरचे पेशंट खूष झाले. डॉक्टरनं लेखणी कागदाला टेकवली, पुन्हा उचलली आणि मग हाजीसाहेबांना त्यानं हळूच काही विचारलं. ते माझ्याकडे वळले. "साहब पूछते हैं, इसमें नाम कौनसा है?"

हाजीसाहेबांनी दुकानामागची खोली आम्हांला राहायला दिली. गाव म्हणजे बेटावरचं एक कोपऱ्यातलं ठिकाण. कुणी मुद्दाम बघायला यावं असं तिथं काही नाही. समुद्राच्या काठी एक जुना किल्ला होता, तो आम्ही पहिल्याच दिवशी पाहिला आणि पाहण्यासारखं संपलं. एक झाड मात्र अचाट होतं: बुंधा धान्याच्या कणगीएवढा, चार माणसांच्या कवेत न मावणारा, आणि वर चारच वाळकुट्या फांद्या. ही म्हणाली, "हेला कुनीतरी उलटं लावलंय." आणि गाढवं! माणसांपेक्षा गाढवं जास्त. कुणाची म्हणून नाहीत, आपली आपण हिंडायची. मला तर वर्गात आल्यासारखं वाटलं.

गावात पाहण्यासारखं काही नव्हतं, ते आम्ही गेल्यावर झालं. नऊवारी लुगडं नेसलेली बाई आणि पागोटंवाला बाप्या बघायला सकाळपासून दारात माणसं जमायची. हाजीसाहेबांच्या बीबीनं तांदळाचं पीठ काढून दिलं, त्याची ही भाकरी थापायला बसली की अंगणात जागा उरायची नाही. दोन हातांत भाकरी गरगर फिरायला लागली की पोरं टाळ्या वाजवायची. तिसऱ्या दिवशी तर शेजारच्या चौघी बाया शिकायला आल्या. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती, पण दुपारभर हसणं चालायचं. त्यात मधूनच माझ्याकडे बोट दाखवलं जायचं, आणि हसणं वाढायचं.

मी एकदा गर्दीसमोर उभा राहून वाळूत हिंदुस्थानचा नकाशा काढला आणि मानवत कुठं आहे ते दाखवलं. लोक शांतपणे ऐकत होते. नकाशा पुरा होताच एक गाढव आलं आणि बंगालच्या उपसागरापासून मद्रासपर्यंत आडवं पडलं. टाळ्या त्यालाच मिळाल्या.

चौथ्या दिवशी आक्रीत झालं. डॉक्टर आमची खोली तपासायला आला. कोनाड्यात हळदीकुंकू लावलेला गडू दिसला.

"इसमें क्या है?" हाजीसाहेबांमार्फत प्रश्न आला.

"पानी," मी म्हणालो.

"कहाँ का?"

"काशी का."

डॉक्टर तीन पावलं मागं सरला. काशीच्या बाजूला पटकीची साथ म्हणजे काय असते, हे त्यानं पुस्तकात वाचलेलं असणार.

"कितने दिन का?"

"उन्नीस साल का," मी अभिमानानं म्हणालो.

डॉक्टर खाली बसला.

थोड्या वेळानं त्यानं निकाल दिला. डाग फोडून पाणी उकळायचं. ते नको असेल तर त्याच्यासमोर याच माणसानं त्यातलं घोटभर पाणी प्यायचं, आणि काय होतं ते आपण आठवडाभर बघू. 'याच माणसानं' म्हणताना त्याचं बोट माझ्याकडे होतं. हाजीसाहेबांनी हे सांगायचा अवकाश, ही कोनाड्यापुढं आडवी झाली.

"उकळाया ती काय डाळ हाय? आन् जित्या मानसाच्या तोंडात गंगा घालाया निघाला का रं भाड्या? गंगा मरताना घालत्यात तोंडात! माझा नवरा येडा हाय, पर जिता हाय अजून!"

(हाजीसाहेबांनी भाषांतर केलं: "बाई को एतराज है.")

मला पाणी प्यायचं भय नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांपुढं झरीचं देवघर आलं. गुडघे धरून, भिंतीला टेकून बसलेली आत्या, आणि डाग फुटलेला गडू घेऊन तिच्यापुढं उभा मी. 'काय रं माणिका?' असं तिनं विचारलं तर काय सांगणार? मी वाट चुकलो म्हणून? मी, ज्यानं तिला अक्षांश सांगितले! पहिल्यांदाच मला त्या बेटावर रडू आलं.

"उद्या सकाळपर्यंत ठरवा," असं सांगून डॉक्टर गेला.

पण अंगणातल्या बायांनी सगळं ऐकलं होतं. काशीचं पाणी गावात आहे, ही बातमी दहा वाजता फुटली, आणि अकरा वाजता दारात एक छकडा येऊन थांबला. त्यातून एक म्हातारी उतरली, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, हातात फुलांची परडी, गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत. डॉक्टरची आई! ती आत आली, कोनाड्यासमोर जमिनीवर साष्टांग पडली, आणि तशीच राहिली. तिला उठवायला आम्ही दोघं लागलो.

दोघी समोरासमोर बसल्या. हिनं गडूकडे बोट दाखवलं, मग उत्तरेकडे, मग स्वतःचे गुडघे धरून "आई गं, आई गं" करून आत्याची नक्कल केली. म्हातारीनं मान हलवली आणि स्वतःचे गुडघे दाखवले. काशी तिचीही राहिली असणार. मग हिनं एक गोष्ट केली, जी मला सात जन्मांत सुचली नसती. गडू उचलला, म्हातारीच्या कानाशी नेला आणि हळूच हलवला. आतून आवाज आला: बुळुक. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. आणखी एकदा, म्हणून तिनं बोट वर केलं. आणखी एकदा बुळुक.

संध्याकाळी डॉक्टरला त्याच खोलीत, हाजीसाहेबांसमोर, त्याच्या आईनं फैलावर घेतलं. तमिळ मला येत नाही. पण आई पोराला बोलते ते कोणत्याही मुलखात कळतं. डॉक्टर तिच्यापुढं दुसरीतल्या पोरासारखा उभा होता. एकीकडे सरकारी नियम, दुसरीकडे आई! त्यानं चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि मग नोंदीचं पुस्तक मागवून आमच्या दोघांच्या नावांखाली तिसरं नाव लिहिलं.

हाजीसाहेबांनी वाचून दाखवलं: "नाम, गंगाबाई. औरत. उम्र, उन्नीस. साकिन, बनारस."

नियमात बाहेरच्या पाण्याला जागा नव्हती, बाहेरच्या बाईला होती! सात दिवस नजरेखाली ठेवायची, काही लक्षण दिसलं नाही तर सोडायची. फक्त तिचे सात दिवस त्या दिवसापासून धरणार, म्हणून आमचा मुक्काम आणखी तीन दिवसांनी वाढला.

मग रोज सकाळी आम्ही तिघं रांगेत उभे राहायचो. डॉक्टर माझी जीभ बघायचा, हिची बघायचा, गडूच्या डागावर बोट फिरवायचा आणि तिघांपुढं खूण करायचा. गाव लोटलं ते आता गंगाबाईला बघायला. फुलं, कापूर, नारळ! आम्हांला कुणी विचारेना. माझ्या पागोट्याकडे तर गाढवंसुद्धा बघेनाशी झाली.

सुटलो त्या दिवशी तीन माणसांची चिठ्ठी मिळाली. बोटीत चढताना ही मला म्हणाली, "आता पल्याड जाईस्तवर तुमी काई बोलू नका. निस्ती मान हलवा. न्हाई, मान बी नका हलवू!"

पण पलीकडच्या धक्क्यावर तपासणीच्या खोलीत साहेबानं चिठ्ठी पाहिली आणि आमच्याकडे पाहिलं. पुन्हा चिठ्ठी, पुन्हा आम्ही. त्याच्याजवळ एक मिशाळ हवालदार होता, सिकंदराबादच्या छावणीत राहून आलेला. त्याला हिंदुस्तानी यायचं.

"तीन लिखा है. दो दिखता. गंगाबाई किधर?"

मी हिच्याकडे पाहिलं. हिच्या पदराखाली गडू. आपल्याला हिंदुस्तानी येतं, अशी त्या दहा दिवसांत हिची समजूत झालेली!

"हय ना साथ में," ती म्हणाली. "आत्याबाई की हय. उन्नीस साल से घर में कोंड के रख्या था."

हवालदाराच्या मिशा थरारल्या. "कोंड के? बाहर नै छोडते थे?"

"कैसा छोडेंगे? तोंड को डाग लगा के पक्का बंद करे ना!"

हवालदारानं दार लावून घेतलं. साहेबाला मद्रासी बोलीत सांगितलं, तसा साहेब उभा राहिला. आता मात्र माझ्यानं राहवेना. शिकला-सवरलेला माणूस म्हणून मी पुढं झालो.

"साहब, गलतफहमी होती है. उसको रामेश्वर में नेके बहा देना है, इसलिए लाये!"

"बहा देना है?"

"घर के सब लोगों की मर्जी से!" मी घाईनं म्हणालो. "आत्या की तो उन्नीस साल से यही इच्छा है!"

हवालदारानं माझं मनगट धरलं. खिडकीतून चारपाच डोकी आत आली. 'मास्तर दिसायलाय, पण पोरीला बुडवायला निघालाय' अशा नजरेनं सगळे मला बघत होते. मी "पानी, पानी" म्हणत होतो, आणि जितक्या वेळा पानी म्हणत होतो तितकी मनगटावरची पकड घट्ट होत होती.

शेवटी हिनं पदर बाजूला केला आणि गडू टेबलावर ठेवला.

"ही बगा तुमची गंगाबाई! आता हिची जीभ बगायची आसंल तर डाग फोडाया लागंल. आन् डाग मी फोडू देनार न्हाई. माझ्या नवऱ्याला न्या पायजे तर."

साहेबानं चिठ्ठी पुन्हा वाचली. गडूवरचं हळदीकुंकू पाहिलं. मग त्यानं टोपी काढली, बूट काढले, हात जोडले, आणि चिठ्ठीवर शिक्का मारला. हवालदारानं माझं मनगट सोडलं. (वळ आठवडाभर होता.)

दुसऱ्या दिवशी आम्ही रामेश्वराच्या देवळात उभे होतो. तिथं जायला बोट लागली नाही. पुजाऱ्यानं डाग तपासला, मान डोलावली आणि फोडला. एकोणीस वर्षांचं पाणी पिंडीवरून ओघळलं. दोनच पळं. ही हुंदके देत होती. मी पण.

परत येताना मी गाडीत पक्कं ठरवलं की लंकेचा विषय झरीला काढायचा नाही. आत्यापुढं बसल्यावर मी सुरुवातही छान केली. "आत्या, दक्षिण भारताचा प्रवास म्हणजे..."

"लंकेला जाऊन आलो," ही म्हणाली, आणि तिनं सगळं सांगून टाकलं. बोट, जीभ, गाढव, हवालदार. काही गाळलं नाही.

माझी नजर आत्याच्या गुडघ्यांवरून वर जाईना.

"डाग रामेश्वरलाच फुटला ना?" तिनं विचारलं.

"तिथंच, आत्याबाई."

"म्हंजी माझी गंगा लंका बगून, मंग देवाला गेली." आत्या भिंतीला टेकली. तिच्या तोंडावर हळूहळू असं हसू पसरलं की मी ते जन्मात पाहिलं नव्हतं. "ह्या गावात काशी केलेल्या चार बाया हायत. पर लंका? त्यातल्या कोंडामावशीला बोलावून आना रं कुनीतरी!"

कोंडामावशी आली. तिच्या मागं आळी आली. त्या सगळ्यांच्या देखत आत्यानं आम्ही रामेश्वराहून आणलेली वाळूची पुरचुंडी उचलली. ही वाळू काशीला नेऊन गंगेत सोडायची असते, तेव्हा सगळं चक्र पुरं होतं. मी हात पुढं केला. आत्यानं माझा हात ओलांडून पुरचुंडी हिच्या ओंजळीत ठेवली.

"पोरी, पुढल्या साली येवढी वाळू तू काशीला घाल. ह्येला बी संगं ने, वझं उचलाया. पर वाट तू इचार."

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही काशीला गेलो. ही पुढं, मी गाठोडं घेऊन मागं. त्या सबंध प्रवासात मी भूगोलाचा एक शब्दही उच्चारला नाही. त्यामुळं काशी नेमकी जिथं आहे, तिथंच सापडली.